हळदीच्या पेवातल्या सहा बाटल्या

माझी नोकरी काय आहे हे कळलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या सासऱ्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघतात. मी पलूसकडच्या एका वाइनच्या कारखान्यात वास घेण्याचं आणि चव बघण्याचं काम करते. कुठल्या टाकीतली वाइन लाकडी पिंपात मुरवायची, कुठली लगेच बाटलीत भरायची, कुठली कशात मिसळायची, हे माझ्या नाकावर ठरतं. पिणं त्यात जवळजवळ नसतंच. घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. हे ऐकलं की सांगलीतल्या आमच्या गल्लीतल्या बायकांना माझी कीव येते.

सासरे हळदीचे व्यापारी. मी त्यांना मामंजी म्हणते. हळकुंड कडकन मोडायचं, नाकाशी धरायचं, दाताखाली एक कण चावायचा आणि माल कुठल्या गावचा ते सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारा. त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही दोघंच, आणि दोघंही नाकावर जगणारे. लग्न ठरताना कारखान्याचं नाव ऐकून पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली, तेव्हा मामंजीच म्हणाले होते, "पोरगी वास घेती, मी बी वास घेतो. त्यात काय हाय एवढं?"

काही वर्षांपूर्वी कारखान्याने मला शिकायला सहा महिने इटलीला पाठवलं. उत्तरेकडे, पिएमाँत भागात, एका म्हाताऱ्या बागायतदाराकडे. त्याच्या घरामागच्या चढावर जेमतेम दोन एकरांचं वावर होतं आणि त्या वावरातल्या द्राक्षांची लाल वाइन तो वेगळी करायचा. बांधापलीकडची द्राक्षं त्याच्या सख्ख्या भावाची, पण त्यातला एकही घड इकडे चालायचा नाही. तिथल्या द्राक्षाचं नाव धुक्यावरून पडलंय असं त्याने सांगितलं. मी कोयनानगरची, धरणाच्या वसाहतीत वाढलेली. सकाळी शाळेत जाताना पुढची मुलगी दिसायची नाही, एवढं धुकं मी रोज बघितलेलं. परक्या मुलखात पहिल्यांदा मला जरा घरच्यासारखं वाटलं ते त्या दिवशी.

निघायच्या आधी त्याने मला त्याच वावरातल्या सहा सालांच्या सहा बाटल्या दिल्या. एका दुपारी तळघरात बसून आम्ही सहाही सालं चाखली होती आणि प्रत्येकाचा वास मी वहीत मराठीत उतरवला होता. कोरड्या सालाचा गुलकंदासारखा, मागे नव्या रस्त्याच्या डांबराची झाक. दोन पावसाळी सालांचा हलका, वाळल्या फुलांचा. सगळ्यात नव्या सालाने जीभ कच्ची सुपारी चावल्यासारखी आकसली होती. तो म्हणाला, दर दोन-तीन वर्षांनी एक उघड, वहीशी ताडून बघ आणि मला कळव. वाइन म्हातारी होते तशी तिची रग उतरते, रंग विटकरी होतो आणि आधी नसलेले वास येतात. माणसांचंही असंच होतं, असं म्हणून तो स्वतःवरच हसला.

विमानतळावर कर भरून मी त्या बाटल्या आणल्या खऱ्या, पण सांगलीच्या उन्हाळ्यात ठेवायच्या कुठे? लाल वाइन वर्षानुवर्षं मुरायची तर सतत गार, अंधारी, न हलणारी जागा हवी. फ्रिज फार गार आणि सारखा थरथरणारा. कारखान्यात ठेवल्या असत्या तर पहिल्याच पाहुण्यासमोर मालकांनी उघडल्या असत्या. मी डोकं धरून बसले होते तेव्हा मामंजी म्हणाले, "पेवात ठेव की."

पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला मोठा खड्डा. तोंड एक माणूस उतरेल एवढं, आत मात्र पोट भलंमोठं. तोंड मातीने लिंपलं की हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहते. आता सगळा माल गोदामात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जातो, पण हरिपूरला मामंजींचं एक पेव रिकामं पडलेलं होतं.

"मामंजी, आवं, दारू आहे ती," मी म्हणाले.

"मग? मी पीत न्हाई म्हंजे तुजा माल नासू देईन व्हय?"

प्रत्येक बाटलीला बारदानाचा तुकडा गुंडाळून आम्ही त्या भाताच्या तुसात आडव्या ठेवल्या. इटलीच्या म्हाताऱ्याला मी हे कळवलं तेव्हा त्याने उलट विचारलं, की हळद म्हणजे ती पिवळी पूड ना, आणि तुम्ही तिच्यासाठी तळघर खणता? पुढच्या काही वर्षांत दोन बाटल्या उघडल्या. दोन्ही उत्तम. मामंजी पेल्याला ओठ लावायचे नाहीत, पण वास घ्यायचे. दुसऱ्या बाटलीला म्हणाले, "ह्या साली तिकडं पाऊस लई झालता." वहीत तेच होतं. मला जरा रागच आला. त्यासाठी मी सहा महिने थंडीत काढले होते.

मग ते तापाचं वर्ष आलं. पावसाळ्यात मी आणि मामंजी एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळलो. ताप गेला आणि माझं नाक घेऊन गेला. उकळता चहा आणि गरम पाणी मला एकच. लसणाची फोडणी टाकली तर नुसता चर्र आवाज. दोन-तीन महिन्यांनी वास यायला लागले, पण भलतेच. कांद्याला रबर जळल्याचा, साबणाला सडक्या फळाचा. मी कोणाला सांगितलं नाही. आंबटपणा मोजायला, साखर मोजायला कारखान्यात यंत्रं असतात. बाकी मी जुन्या नोंदी बघून ठोकून द्यायचे. पेला नाकाशी धरून, डोळे बारीक करून, "अजून बंद आहे, वास उमललेला नाही, थांबू या" म्हटलं की सगळे माना डोलवायचे. मला स्वतःची लाज वाटायची आणि त्याहून जास्त भीती. हे काम गेलं तर मला दुसरं काही येत नाही.

पुढे वास जागेवर येतायत असं वाटू लागलं, पण खात्री कशी करायची? तेवढ्यात द्राक्षांचा हंगाम संपला आणि मालक म्हणाले, "सोमवारी ठरवा. दोन टाक्यांपैकी कुठली पिंपात घालायची?" चुकीची घातली तर आसपासच्या बागायतदारांची वर्षाची मेहनत माझ्या थापेपायी वाया जाणार होती. इतकं खोटं मला झेपणारं नव्हतं. मी ठरवलं, रविवारी पेवातल्या दोन बाटल्या उघडायच्या. वहीतला वास आला तर टाकी निवडायची, नाही आला तर सोमवारी सगळं कबूल करून नोकरी सोडायची.

शनिवारी सकाळी मामंजींना घेऊन हरिपूरला गेले. पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नाही. आतली हवा जीवघेणी असते. अर्धा दिवस तोंड उघडं ठेवलं, मग मामंजींनी दोरीला बांधून कंदील सोडला. तो तळाशी जळत राहिला तेव्हा पेवं भरणारा त्यांचा जुना माणूस उतरला आणि कोरड्या सालाची एक, उरलेल्या पावसाळी सालाची एक अशा बाटल्या वर दिल्या. एवढा खटाटोप कशाला हे मामंजींनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत मी कोरड्या सालाची बाटली उघडली. पेल्यात ओतली, रंग सुंदर विटकरी. नाक घातलं. गुलकंद नाही. डांबर नाही. फक्त ओलं, कुबट पोतं. पुन्हा हुंगलं, पेला हलवून बघितलं, बाहेर जाऊन मोकळी हवा घेऊन आले. पोतंच. कांद्याला रबर, साबणाला सडकं फळ आणि आता जगातल्या उत्तम वाइनला पोतं. मी तिथेच पायरीवर बसले आणि ढसाढसा रडायला लागले.

मामंजी वर्तमानपत्र टाकून आले. "काय झालं? पोराचा काय फोन आला का?"

मग मी सगळं सांगून टाकलं. ताप, नाक, आठ महिन्यांच्या थापा, सोमवार. इतके दिवस जे स्वतःशीसुद्धा नीट बोलले नव्हते ते भडाभडा बाहेर आलं. त्यांनी पेला उचलला, नाकाशी धरला आणि त्यांचा चेहरा पडला.

"बारदान," ते म्हणाले. "वल्लं बारदान. माज्या पेवानं नासवली गं तुजी बाटली."

"काय म्हणालात?"

"वल्ल्या बारदानाचा वास हाय ह्याला. तुला येत न्हाई?"

मग काढून ठेवलेलं बूच उचललं आणि हुंगलं. तोच वास, दुप्पट. बूच बाधणं म्हणतात याला आमच्या धंद्यात. शेकड्यात एखाददुसरं बूच मुळातच खराब निघतं आणि आतल्या वाइनचा सगळा सुगंध मारून टाकतं. अशा कितीतरी बाटल्या मी नाक मुरडून परत पाठवल्या आहेत. नवशिक्यालाही जे पहिल्या आठवड्यात शिकवतात ते भीतीपायी मला सुचलं नव्हतं. बाटली नासलेली होती आणि माझं नाक तेच बरोबर सांगत होतं.

माझा जीव भांड्यात पडला. मी रडता रडता हसायला लागले. मामंजींना वाटलं मला काहीतरी झालं. त्यांना समजावून सांगितलं की दोष बुचाचा, तिकडूनच आलेला, पेवाचा काही संबंध नाही.

"म्हंजे माज्या पेवानं न्हाई?" त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि मग खुर्चीत बसले.

दुसरी बाटली उघडताना मी वही त्यांच्या हातात दिली आणि डोळे मिटले. त्यांनी चष्मा लावून पान काढलं.

"वाळला गुलाब," मी म्हणाले.

"हाय."

"नव्या रस्त्याचं डांबर. लांबून आल्यासारखं."

"हाय."

"कातडं. नव्या चपलेचं."

"न्हाई."

"नीट बघा."

"न्हाई लिवल्यालं, किती बी बग."

मी पुन्हा वास घेतला. कातडंच होतं, शंकाच नाही. ते आधी नव्हतंच, एवढ्या वर्षांत पेवात मुरून आलेलं होतं. वहीत नसलेली गोष्ट माझ्या नाकाने शोधली होती. तो घोट मी थुंकला नाही.

मामंजींनी वही मिटली आणि अंगणाकडे बघत म्हणाले, "माजं बी गेलतं."

"काय?"

"नाक. त्याच तापात. संक्रांतीला तिळगूळ करताना परत आलं. तवर हळकुंड मोडल्याचा आवाज आयकायचो, रंग बगायचो आन माल घ्यायचो. कुणाला सांगनार? बाजारात कळलं असतं तर कुनी हुबं केलं असतं मला?"

मला राग आला, खूप आला. "आवं, मला तरी सांगायचं! मी एकटीच कुढत बसले."

"तू तरी कुटं सांगितलंस?"

म्हणजे ते सगळे महिने मी वास न घेता रांधत होते, ते वास न घेता जेवत होते, आणि रोज रात्री "आमटी झकास झालीया" असं म्हणून दुसरी वाटी मागत होते. दिवाळीत नवरा सुट्टीवर आला होता. खिरीचा पहिला घास घेऊन म्हणाला, दूध करपलंय. आम्ही दोघंही एका आवाजात त्याच्यावर तुटून पडलो होतो, की फौजेच्या मेसमध्ये जेवून तुझी जीभच बिघडलीय. तो बिचारा गप्प बसून सगळी खीर संपवून गेला.

सोमवारी मालकांना काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले, तर मामंजी म्हणाले, "ते उद्याचं उद्या. आदी पोराला फोन लाव." मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला सांगितलं की खीर करपली होती.