सुजलेला दंड

ये गं, अशी जवळ बस. आणि तो बर्फ आधी खाली ठेव! लस टोचून घेतली की दंड सुजणारच. एवढी शिकलेली तू, आणि कुरकुर किती करायची?

साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही वाकोल्याला चाळीत राहायचो, माझी मुलगी तेव्हा तान्ही होती. देवी टोचणारी बाई आली, सगळ्या पोरांच्या दंडांवर टोचून गेली. तिची पाठ वळते न वळते, तोच माझ्या सासूबाईंनी ओल्या फडक्याने पोरीचा दंड खसाखसा पुसला. वर खोबरेल चोळलं. म्हणाल्या, "कसली घाण लावून गेली गो चेडवाक, माझ्या पोरीक!"

शेजारच्या ख्रिश्चन बाईचं पोर तापाने रडून हैराण. ती म्हणाली, "बघ ना, पाव फुगावा तसा दंड फुगलाय याचा!" आमची मात्र खुशाल झोपलेली. सासूबाईंचा तोरा काय विचारतेस!

आठवड्याने ती टोचणारी बाई तपासायला आली. दंड सपाट. "लागलीच नाही लस," ती म्हणाली. "आणि मागच्या गल्लीत देवीचा पेशंट निघालाय." सासूबाईंचा तोरा उतरला. मग त्यांनीच पोरीला मांडीवर घेतलं, दंड पुढे केला. "टोच गो बाय. आता कोण हात लावता ता बघतंय मी."

पुन्हा टोचलं. मग आमचं एकच काम, दंड चाचपायचा. गार. पुन्हा गार. कामात लक्ष लागेना.

शेवटी एका दुपारी सासूबाई ओरडल्या, "गो, चेडवाचो हात सुजलो!" धावत गेले. लालबुंद, टणक, तव्यासारखा गरम. अंगात सणसणून ताप. पोर रडत होती, आणि आम्ही दोघी हसत होतो. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "वेड्या झालात काय गं सासवा-सुना?"

त्या दंडाच्या आत काय चाललं होतं ते पुष्कळ वर्षांनी कळलं. मी सातवी शिकलेली, बाकी सगळं वाचून वाचून. टोचल्या जागेच्या पेशी प्रथिनं सोडतात. इंटरल्यूकिन त्यांतलंच. डोळ्यांना दिसायचं नाही एवढंसं, पण हाक केवढी! परका घुसलाय, या! की तिथल्या रक्तवाहिन्या सैलावतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. लाली, सूज, ठणका, सगळी त्यांचीच गर्दी. तीच हाक मेंदूपर्यंत जाते आणि ताप चढतो. तान्ह्या पोरीच्या अंगात एवढी व्यवस्था, आणि कुणी शिकवलेली नाही! मला तर ते वाचताना हात जोडावेसे वाटले.

देवी आमच्या दाराशी येऊन गेली, पण लेकीला काही झालं नाही. आता ती मुलुंडला असते, दंडावर रुपयाएवढा वण मिरवत. येत्या रविवारी येणार आहे. तूही ये गं, उशीर लावू नकोस. बोट फिरवून बघ त्या वणावरून.