स्पीकरची घरघर आणि आईची गोष्ट

मंडळी, आज इथे अमेरिकेत, मी शिकवते त्या मॉरिसव्हिलच्या मराठी शाळेत माझी आई गावाहून व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगणार होती. कॉल लागला आणि स्पीकर घरघरू लागला.

"ताई, इज शी मेकिंग ज्यूस?" एका मुलीने विचारलं. सगळे हसले.

आई बावरली. "माझ्यामुळेच होतंय का गं? शिकलेल्या कुणाला तरी बोलाव."

मी स्पीकरची केबल बदलली, उपयोग नाही. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घरघर थांबली! चार्जर पुण्याहून आणलेला, आणि इथल्या सॉकेटसाठी लावलेल्या माझ्या कन्व्हर्टरमध्ये त्याची अर्थिंगची पिन जोडलीच जात नाही, म्हणून ती घरघर.

मग बॅटरीवर आईची अख्खी गोष्ट झाली. मुलांनी आणखी एक मागितली.

घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून आई स्वतःला कमी समजते. आजचा वर्ग मात्र तिचा होता.

तुमच्या घरातलं कोण येईल गोष्ट सांगायला?