मावशीनं न केलेली सही

माझी मावशी तोंडाची फटकळ. तिला जेवायला बोलावणारे भाजी आधी दोनदा चाखून बघत. ती किरणोत्सर्ग मोजणाऱ्या प्रयोगशाळेत होती.

आम्ही राहायचो जुन्या खाणीच्या उतारावरच्या वसाहतीत. तिथे जमिनीतून रेडॉन नावाचा वायू घरात झिरपत असावा अशी शंका होती. त्याला रंग नाही, वास नाही, पण वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून घरोघरी प्लॅस्टिकच्या चकत्या टांगल्या गेल्या. चष्म्याच्या काचा होतात त्याच जातीचं प्लॅस्टिक. रेडॉनमधून निघणारे कण त्यावर आदळले की डोळ्यांना न दिसणारा ओरखडा उमटतो. चकती गरम कॉस्टिक सोड्यात ठेवली की ओरखड्याचा खड्डा होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो मोजता येतो.

मोजणी झाली. सगळी घरं सुरक्षित! वसाहत बांधणाऱ्या कंपनीनं सुटकेचा निःश्वास टाकला. अहवाल सहीसाठी मावशीपुढे आला. तिनं विचारलं, "उतरवल्यावर या चकत्या कुठे होत्या?"

"कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "उन्हाळाभर. का?"

"भर दुपारी त्या पत्र्याला हात लावून या. एवढ्या उष्णतेत प्लॅस्टिकमधला ओरखडा हळूहळू भरून येतो, मग सोड्यातही नीट उघडत नाही. आपण रेडॉन मोजला की उन्हाळा?"

"मग आकडे थोडे वाढवून टाका."

"किती? शेड किती तापलं ते कुणी बघितलंय? मी सही करणार नाही."

आईला घर विकायचं होतं. ती तणतणत मावशीकडे गेली. "सगळे खूश आहेत, तुझंच काय पोट दुखतंय?"

"घर घेणारा माणूस तिथे श्वास घेणार आहे, ताई."

मावशी नुसती बोलून थांबली नाही. तिनं नव्या चकत्या एकाच बरणीत, सारख्याच रेडॉनमध्ये ठेवल्या. मग निम्म्या हवाबंद पाकिटात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि निम्म्या स्वतः त्याच शेडमध्ये नेऊन ठेवल्या. काही आठवड्यांनी सगळ्या एकदमच सोड्यात टाकल्या. फ्रिजमधल्यांवर खड्डे ठळक, शेडमधल्यांवर बारीक, पुसट आणि बरेच कमी. दोन्हींचे मोठे फोटो घेऊन ती वसाहतीच्या बैठकीत उभी राहिली.

लोक खवळले. "आमची घरं बदनाम करायला आलात?"

"ओरडा," मावशी म्हणाली. "मला ऐकू येतं. पण ओरडण्यानं माझी सही होत नाही."

मी आईशेजारी मान खाली घालून बसले होते. आईनं तर पदरात तोंडच लपवलं.

त्याच आठवड्यात साहेबांनी मावशीचा सूक्ष्मदर्शक काढून घेतला आणि तिला दारापाशी, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद करायला बसवलं. ती बसली. येईल त्याला विचारायची, "त्या वसाहतीची फेरमोजणी कधी होणार, तुम्हाला काही कळलं का?" पाहुण्यांना, दुरुस्तीवाल्यांना, खुद्द साहेबांच्या सासऱ्यांनासुद्धा.

शेवटी खालच्या ओळीतला बेकरीवाला स्वतःहून आला. "बाई, माझी पोरं जमिनीवर झोपतात. माझ्या घरी परत लावा." तो आला तसे शेजारीही आले. साहेबांचा नाइलाज झाला. या वेळी चकत्या उतरवताक्षणी हवाबंद पाकिटात गेल्या आणि तशाच थेट प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये.

खालच्या ओळीतल्या घरांत रेडॉन बराच जास्त निघाला. कंपनीला तिथल्या फरशांच्या भेगा बुजवाव्या लागल्या, फरशीखालची हवा बाहेर काढायला पाइप आणि पंखे बसवावे लागले. आमचं घर वर होतं. आमच्याकडे रेडॉन कमीच निघाला.

"बघ!" आई म्हणाली. "उगाच तमाशा केलास."

"उगाच कसा? आता तुझं घर चांगलं आहे हे कळलं. आधी नुसतं ऐकलं होतं."

आईनं पुढे कितीतरी महिने तिच्याशी अबोला धरला. घर मात्र नवा अहवाल दाखवूनच विकलं.

सूक्ष्मदर्शक मावशीला परत मिळाला नाही. तिच्या निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचा आधारस्तंभ."

मावशी बसल्या जागेवरूनच म्हणाली, "म्हणूनच दारात उभा केला होतात वाटतं."

सगळे हसले. साहेबांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला.