बाईंच्या पियानोतली फळी

कापडाच्या लूम दुरुस्तीचं काम सुटल्यावर मी काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये लागलो. तिथे जुने पियानो दुरुस्त व्हायचे. काम शिकवणाऱ्याला आम्ही उस्ताद म्हणायचो. माणूस तिथलाच. तारा एकदम सोडायच्या नाहीत, थोड्या इकडच्या, थोड्या तिकडच्या, नाहीतर लोखंडी चौकट तडकते, हे त्याने माझा हात धरून शिकवलं. सहा वर्षं मी त्याचा शब्द मोडला नाही.

ठाण्याच्या एका संगीतशिक्षिका बाईंचा ग्रँड पियानो आला. त्याचा सूर टिकत नव्हता. तारा ज्या खुंट्यांना गुंडाळतात त्या खुंट्या एका जाड फळीत रुतलेल्या असतात. ती फळी आतून फुटली होती. मी बाईंना म्हणालो, "नवी फळी घालतो. माझा शब्द."

जुनीवरून माप काढून मेपलची फळी कापली. दोनशेच्या वर भोकं, प्रत्येक किंचित तिरकं आणि खुंटीपेक्षा केसभर लहान. महिना गेला. फक्त बसवायची बाकी होती, तेवढ्यात वडील आजारी पडले म्हणून मी आठ दिवस खारबावला गेलो. परत आलो तर पियानो तारा चढवून, पॉलिश करून तयार.

"मी बसवली तुझी फळी," उस्ताद म्हणाला. मला केवढा अभिमान वाटला.

चार महिन्यांनी बाईंचा फोन आला, सूर पुन्हा उतरला होता. मी त्यांच्या घरी गेलो. खुंटीला पाना लावला तर ती लोण्यात फिरावी तशी फिरली. उपटून पाहिली. सैल खुंटी घट्ट बसावी म्हणून भोवती सँडपेपरची गुंडाळी! आत जुनी फुटकी फळीच होती.

बाई म्हणाल्या, "तुमचे उस्ताद तर म्हणाले, सगळं तुम्हीच केलंत. तुमचा हात अजून कच्चा आहे म्हणाले."



गोडाऊनमध्ये जाऊन विचारलं, तेव्हा उस्तादने नजरही उचलली नाही. "त्याच मापाचा पियानो हाटेलवाल्याचा होता. त्याला घाई होती रे. तुझी फळी त्यात गेली. बाईला काय, पोरांना सारेगम तर शिकवायचंय."

"आणि माझं नाव का घेतलंत?"

"मग काय माझं घेऊ?"

मी त्याच दिवशी काम सोडलं. बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा करा. पण मी समोर बसणार."

वळ गावात भावाच्या शेडमध्ये मी दुसरी फळी केली. बाई दर शनिवारी येत, खुर्चीवर बसून बघत. तो संशय सहन करत काम करणं फार जड गेलं. पण त्यांचं तरी काय चुकलं?

आता पियानो सुरात आहे. खुंटी ठोकताना फळीखाली जॅकचा टेका द्यायचा, हे मला उस्तादनेच शिकवलं होतं. टेका लावताना अजून तोच आठवतो, आणि त्याचा राग येतो.