आनंदाची रेघ

मृणालिनी पेडणेकर भाईंदर पूर्वेला राहायला आली तेव्हापासून लोकांना प्रश्न विचारून घर चालवत होती. साबण कोणता वापरता, चहा कोणता पिता, जाहिरात कशी वाटली? दारातल्या बायका गोड बोलून वाटेल ते ठोकून देत आणि ही निमूट भरून घेई. मग तिच्या सर्वेक्षण कंपनीत कौस्तुभ आला. मेंदूचं शास्त्र शिकलेला, तिच्या मुलाच्या वयाचा. त्याने प्रश्नच बंद केले. आता बायकांना हॉलमध्ये बसवायचं, मनगटावर घड्याळासारखा एक पट्टा आणि कपाळावर दुसरा बांधायचा आणि जाहिरात दाखवायची. घाम, नाडी, मेंदूतली हालचाल, सगळं स्क्रीनवर रेघ होऊन पळायचं.

"तोंडाने काय बोलतात ते सोडा, ताई," तो म्हणायचा. "रेघ काय म्हणतेय ते बघा."

पट्टे बांधायचं काम मृणालिनीचं. डोक्याला चपचपीत तेल असलं की आधी कपाळ कापसाने पुसून घ्यावं लागे. बायका लाजत, हसत. तिला ते काम आवडू लागलं होतं.

एका दुपारी काशीगावच्या जिजाबाई आल्या. घरची मिठागरं कधीच गेलेली, आता मुलाच्या गाड्या हायवेवर धावतात. सुनेबरोबर गंमत म्हणून आलेल्या. त्या दिवशी बिस्किटाची जाहिरात होती. शाळेतून आलेला मुलगा बंद दारावर थाप मारतो, "आई, मी आलो!" म्हणतो. कडी निघायला जरा वेळ लागतो आणि मग आई हसत दार उघडते.

मुलाने हाक मारली आणि जिजाबाईंची रेघ सरळ वर चढली. दार उघडलं तरी खाली येईना.

"बरी हाय जायरात," जिजाबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नाही.

पट्टा सोडताना मृणालिनीच्या हाताला त्यांचा तळवा लागला. बर्फासारखा गार आणि ओलाचिंब. त्या हॉलच्या बंद दाराकडे बघत होत्या.

कौस्तुभ मात्र खुशीत होता. "बघितलंत? केवढा आनंद!"

"आनंदच कशावरून, सर?"

"खळबळ किती ते मशीन सांगतं, कसली ते नाही सांगत. पण बिस्किटाच्या जाहिरातीत दुसरं काय असणार?"

कंपनीने तो रिपोर्ट दिला आणि दार उघडण्याआधीची ती घडी जाहिरातवाल्यांनी आणखी लांबवली. जाहिरात सुरू झाली. टीव्हीवर, मोबाईलच्या दुकानात, लिफ्टमधल्या छोट्या स्क्रीनवर. "आई, मी आलो!" आणि मग ते बंद दार. मृणालिनीला दर वेळी हातात तो गार तळवा जाणवायचा. एकदा भर दुपारी भाजी चिरताना तिने उठून स्वतःचं दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. शेजारच्या हंसाबेनच्या घरात टीव्ही चालू होता. मृणालिनीचा मुलगा पुण्यात नोकरीला, सुखरूप. तरी तिने त्याला फोन लावला आणि जेवलास का, एवढंच विचारलं.

शेवटी ती रिक्षा करून काशीगावला गेली.

जिजाबाईंचं दार सताड उघडं होतं. सून कृतिका हळूच म्हणाली, "हल्ली लावूच देत नाहीत. एसी लावला तरी नाही."

जिजाबाईंनी सुनेला चहाला पाठवलं आणि मृणालिनीला जवळ बसवलं.

"माझा धाकटा होता, शिवा," त्या म्हणाल्या. "शाला बुडवून भटकायचा. एक दिस मी कडी लावली. आय, मी आलो, आय, मी आलो, म्हनून दार वाजवत रायला. म्हटलं, कलू दे जरा. मंग आवाज गेला." त्या थांबल्या. "घोडबंदरच्या खाडीवर गेलता पोरांबरोबर. थितंच बुडला. लोकांना वाटतं परस्पर गेला. दारापर्यंत आलता, हे कोनालाच ठाव न्हाय. माज्या घोवालापन, शिवाच्या बापालापन न्हाय सांगलं."

मृणालिनी सरकून त्यांच्या आणखी जवळ बसली.

"तुज्या मशीनला कललं ना पन?" जिजाबाईंनी तिचा हात धरला. "काय लिवलं त्यानं?"

खोटं सांगावं असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तिने खरं तेच सांगितलं.

"आनंद झाला, असं लिहिलंय, मावशी."

जिजाबाईंनी तिचा हात सोडला. तिला वाटलं, आता हाकलून देतील.

"झाला असल," त्या पुटपुटल्या. "दार उघडलं ना तिनं."

दुसऱ्या दिवशी मृणालिनीने कौस्तुभला सगळं सांगितलं. शिवाचं नाव तेवढं घेतलं नाही. त्याचा चेहरा उतरला. रिपोर्ट मागे घेता येणार नाही म्हणाला आणि ते खरंच होतं. नंतर एका बाईच्या कपाळावर बांधायला घेतलेला पट्टा तिने तसाच टेबलावर ठेवून दिला. त्या महिन्यात तिने काम सोडलं. आता ती सोसायटीच्या ऑफिसात बसते.

दिवाळीनंतर जाहिरात बंद झाली. काही दिवसांनी जिजाबाईंचा फोन आला.

"बाय, ती जायरात दिसत न्हाय गो. काढली का?"

"हो मावशी. बंद झाली."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, दुसऱ्याच कशाची तरी जाहिरात.

"मंग आता तो कुठं येल?"

मृणालिनीने ऑफिसला कुलूप लावलं आणि काशीगावची रिक्षा पकडली.