शिट्टीवरचा वरवंटा

आमच्या घरी तुरीचं वरण शिजायला सगळी सकाळ जायची. सिलिंडर बहुतेक वेळा रिकामाच. चूल पऱ्हाट्यांवर, आणि पावसाळ्यात कपाशीच्या त्या वाळक्या काड्याही सादळलेल्या. आई-बाबा कित्येकदा अर्धीकच्ची डाळ खाऊन शेतात निंदायला गेले. अशात मामीनं आपला जुना कुकर आईला दिला.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. सेलूहून बसनं वर्ध्याला जायची. अभ्यास मोठ्यानं करायची सवय. दाब वाढला की पाणी जास्त तापल्यावर उकळतं, हे मी घोकायची आणि आई भाजी निवडत ऐकायची.

एकदा सकाळी आंघोळ करून आले, तर पडवीतल्या चुलीवर कुकर, आणि त्याच्या शिट्टीवर वरवंटा, सुतळीनं घट्ट बांधलेला.

"आई, हे काय करून राह्यली?"

"दाब देऊन राह्यली. तूच तं वाचत होती. किती वाफ वाया जाते त्या शिट्टीतून."

झाकणाच्या कडेनं सूं सूं चाललं होतं आणि आई फुंकणी घेऊन अगदी समोर बसलेली. मी तिला दंडाला धरून अंगणात ओढलं. मग लांब बांबूनं जळत्या पऱ्हाट्या चुलीबाहेर काढल्या.

"फुटन का व?" बाबांनी विचारलं.

"थंड होऊ द्या. कोणी जवळ जाऊ नका."

"तुह्या मायनं आज घरच उडवलं असतं."

"डाळ तं शिजली असती," आई म्हणाली.

तिथेच उभ्याउभ्या मी समजावलं. उघड्या गंजात, म्हणजे साध्या पातेल्यात, पाणी शंभर अंशांवर उकळतं. मग कितीही जाळ घाला, ते आणखी तापत नाही, नुसती वाफ होते. कुकरात वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी एकशेवीसच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण भांडं सोसेल तेवढाच दाब हवा. जास्तीची वाफ शिट्टी सोडून देते.

"मंग हे काऊन नाई वाचलं मोठ्यानं?"

मला हसू आलं. सूं सूं हळूहळू थांबलं. कुकर पार गार झाल्यावर सुतळी सोडली. आईनं डाळ बोटांनी दाबून पाहिली. "लोण्यासारखी झाली," म्हणाली.

त्या उन्हाळ्यात मी पास झाले. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि त्या शिक्षणानं निकालाच्या आधीच माझी आई वाचवली होती.