मेणबत्ती वाकली होती का?

मरिगोमावशीचं लग्न झालं नाही. त्यामुळे आईबापांपलीकडे तिच्या घरी तिचं असं मेलेलं कुणी नव्हतं, आणि गावातलं प्रत्येक मेलेलं माणूस थोडं तिचं होतं. ग्रीसमधल्या लेस्वोस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या गावात माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाचा कोलिवा घरोघरी होतो: उकडून कापडावर सुकवलेला गहू, अक्रोड, बेदाणे, डाळिंबाचे दाणे, दालचिनी आणि वर पिठीसाखरेचा गुळगुळीत थर. पण त्या पांढऱ्या थरावर साखरेच्या चंदेरी गोळ्यांचा क्रूस मांडायला परात मावशीकडेच यायची. पट्टी नाही, दोरा नाही. श्वास रोखून ती एकेक गोळी टेकवायची. "मेलेला माणूस तक्रार करत नाही," म्हणायची, "म्हणून जास्त जपून करायचं."

लहानपणी गोवर निघाला तेव्हापासून तिचा डावा डोळा अधू. सगळा कारभार उजव्यावर. तरुणपणी सार्डिनच्या कारखान्यात त्या एका डोळ्यावर तिने मासे डब्यांत अशा ओळीने लावले, की मुकादम नव्या मुलींना तिच्या टेबलापाशी आणून उभं करायचा.

मागच्या जानेवारीत पान्देलिस होडीवाल्याचा चाळिसावा होता. चर्चमध्ये परातीवरचं कापड काढलं आणि कुजबुज थांबली. क्रूसाची उभी दांडी मध्येच फुगून डावीकडे गेली होती, ठोकताना वाकलेल्या खिळ्यासारखी.

"मरिगो, हे काय गं?" पान्देलिसची बायको एवदोकिया म्हणाली.

"काय?"

"माझा नवरा पिऊन वाकडा चालायचा, सगळ्या गावाला ठाऊक आहे. ते परातीतही मांडून दाखवायचं होतं?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मावशीही हसली, थट्टा समजून. "रडून रडून तुझे डोळे बिघडलेत. दोनदा मोडून परत मांडलाय मी. सुतासारखा सरळ आहे."

एवदोकियाने मान हलवली. तेव्हा ती माझ्याकडे वळली. "अन्थी, तू सांग."

"वाकडा आहे, मावशी."

वाद मिटावा म्हणून आमचे धर्मगुरू पापा स्त्रातिस पुढे झाले. हातातली बारीक मेणबत्ती त्यांनी उभ्या दांडीशेजारी धरली. "बघ, मरिगो. मध्ये केवढी फट पडलीय."

मावशी वाकली. "पापा, तुमची मेणबत्तीच वाकलीय. ऊब लागून."

त्यांनी ती तिच्या हातात दिली. मावशीने दोन बोटांत धरून खालून वर चाचपली. डोळ्यासमोर धरली. पुन्हा चाचपली. तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"ही सरळ आहे?" तिने विचारलं. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

प्रार्थना झाली, क्रूस मोडून गहू कालवला, पुड्या वाटल्या. मावशीने आपली पुडी घेतलीच नाही. घरी येऊन तिने दाराची चौकट पाहिली, खिडकीचे गज पाहिले. मग बाल्कनीतून समुद्राच्या आडव्या रेषेकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"समुद्राला पोक आलंय गं."

संध्याकाळी एवदोकिया स्वतः आली. पाण्यात तेलाचे थेंब सोडून तिने मावशीची दृष्ट काढली; दृष्ट जितकी मोठी तितक्या काढणारीला जांभया येतात, तिने भरपूर दिल्या. "लागली होती बाई, जबरदस्त."

"तुझ्या नवऱ्याचीच असणार," मावशी म्हणाली. पण तिचे हात मांडीवर नुसते पडून होते.

मितिलिनी शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यात उजेड टाकून पाहिलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागलाय, म्हणाल्या. सुरुवात आहे. पूर्ण अंधार होणार नाही, कडेचं दिसत राहील. मधलं हळूहळू पुसट होऊ शकतं.

"चष्मा द्या."

"चष्म्याने हे सरळ होत नाही, आजी."

"म्हणजे समोर आलेल्या माणसाचे कान दिसतील आणि तोंड नाही?"

"कदाचित. पण लगेच नाही. रोज एखादी सरळ वस्तू बघत जा. बाक वाढला, तर त्याच दिवशी या."

परतीच्या बसमध्ये ऑलिव्हच्या बागा संपेपर्यंत मावशी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "आंधळं होणं मला कळतं. माझी आई झाली होती. पण मला दिसत होतं, अन्थी. स्वच्छ दिसत होतं." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली.

त्यानंतर आलेली प्रत्येक परात तिने परत पाठवली. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या, आधीच्या शनिवारी सगळ्या मृतांच्या नावाने गहू शिजतो, तेव्हा एवदोकिया परात घेऊन सरळ आतच आली.

"साखर तू फिरव. गोळ्या तुझी भाची लावेल. तू बघ."

"बघ म्हणे! आंधळीला राखणीला बसव."

तरी तिने साखर फिरवली. तळव्याखाली थर काचेसारखा झाला. मी गोळ्या लावू लागले. "जरा उजवीकडे," सवयीने ती म्हणाली आणि ओठ मिटून घेतले. मी माझ्या अंदाजाने लावत गेले.

"एवदोकिया, कसा झालाय?"

"सरळ."

"पान्देलिसची शपथ?"

"त्याच्या शपथेला कोण विचारतं? सरळ आहे, मरिगो."

मावशी परातीवर वाकली. खूप वेळ वाकून होती. तिचं बोट मधल्या गोळीकडे गेलं आणि साखरेवर तरंगत राहिलं. आम्ही दोघींनी श्वास धरला.

"मला तर अगदी वाकडा दिसतोय," ती म्हणाली. मग तिने हात मागे घेतला, दुसऱ्या हाताने ॲप्रनखाली दाबून धरला. "झाका लवकर. मी हात आवरून आहे तोवर झाका."